वारं

आपल्या बोलीत वारं नुसतं वाहत नाही, माणसात शिरतं. संबळ वाजू लागला की देवीचं वारं अंगात येतं. हूड पोर वारा प्यायलेलं असतं. संस्कृतात ‘वा’ म्हणजे वाहणे, त्यातूनच वायू आणि वात. आयुर्वेद पक्षाघात वातविकारांत मोजतो; खेड्यात त्यालाच ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. धट्टाकट्टा माणूस क्षणात कोसळतो, ते सांगायला याहून नेमके शब्द मला माहीत नाहीत. पण दुखणं मेंदूचं असतं: तिथली रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच द्यावं लागतं. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर मालिशवाला शोधत बसू नका. लगेच १०८ला फोन करा.