शून्याचीही नोंद व्हावी

निरीक्षण हा शेतीचा पाया होय. परंतु जे पाहिले ते लिहून ठेवले नाही, तर त्याचा लाभ पाहणाऱ्यापलीकडे कोणासही होत नाही. ही नोंद आता मोबाईलवर व टॅब्लेटवर होऊ लागली आहे. ह्या साधनांचे स्वागतच करावे. मात्र त्यांवर काय नोंदवावयाचे, ह्याचा विचार आधी व्हावयास हवा.

ह्या बाबतीत मुंबई उपनगरातील पक्षीनिरीक्षकांची रीत अनुकरणीय आहे. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान किंवा मुलुंडनजीक भांडुपचा खाडीकाठ येथे पाहिलेले पक्षी ते मोबाईलवरील ‘ई-बर्ड’मध्ये नोंदवितात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने २००२ साली सुरू केलेल्या ह्या योजनेत प्रत्येक यादीसोबत विचारले जाते : ओळखू आलेले सर्व पक्षी नोंदविले आहेत काय? उत्तर ‘होय’ असल्यास, यादीत नसलेला पक्षी त्या वेळी तेथे दिसला नाही, हेही कळते. किती वेळ पाहिले, किती अंतर चालले, हेही लिहिलेले असते. त्यामुळे पक्षी घटले की पाहणारे घटले, हे ओळखता येते.

शेतीतही हाच नियम पाळावा. विदर्भात २००८ साली सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा प्रादुर्भाव झाला. त्यानंतर २००९-१० पासून राज्यात ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. अशा सल्ल्याची मदार शेतातील नोंदींवरच असते. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचे उदाहरण घ्या. एका कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडले, म्हणजे उपाय योजण्याची वेळ आली, असे समजतात. रिकाम्या सापळ्यापुढे शून्य लिहिले नाही, तर सापळा रिकामा होता की कोणी पाहिलाच नाही, हे कसे कळावे? अशा अपुऱ्या माहितीवरून कोठे फवारणीचा पैसा व्यर्थ जातो, तर कोठे वेळ टळून बोंडे किडतात.

घरी बसून अंदाजाने आकडे भरणे हा तर ह्याहून मोठा दोष होय. यंत्र आकडा साठविते. तो खरा की खोटा, हे त्यास कळत नाही. रेंज नाही ही सबबही पुरेशी नाही, कारण अनेक ॲपमध्ये नोंद साठवून मागाहून पाठविता येते. बॅटरी संपल्यास खिशातील वही आहेच.

तेव्हा ग्रामकार्यकर्त्यांनी शेतात उभे राहूनच आकडा भरावा आणि कीड नसल्यास शून्य आवर्जून लिहावे. शेतकरी बंधूंनीही आपल्या शेतात काय नोंदविले ते विचारावे व त्यावरील सल्ला मागून घ्यावा. तो त्यांचा हक्कच आहे.