पंचेचाळीस अक्षरांचा बडेजाव

निमित्त एका आंतरमहाविद्यालयीन प्रश्नमंजूषेचे. परीक्षक म्हणून आम्हा तिघांना बोलावले होते. शेवटच्या फेरीत प्रश्न आला, ‘इंग्रजीतला सर्वांत लांब शब्द कोणता?’ एका विद्यार्थिनीने ‘न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस’ हा शब्द एका दमात म्हटला, मग स्पेलिंगही सांगितले. टाळ्या थांबल्यावर आमच्यापैकी एकाने अर्थ विचारला. ‘फुप्फुसाचा काहीतरी रोग,’ ती म्हणाली. संयोजक प्राध्यापकांनी नम्रपणे आमच्या लक्षात आणून दिले, ‘सर, अर्थाला गुण नाहीत.’

परतीच्या वाटेवर आम्ही चरफडत असता मराठीच्याच एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आमची समजूत काढली. ‘कशाला त्रास करून घेता? ही सगळी अक्षरांची कसरत. मम्मटाने अकराव्या शतकातच चित्रकाव्याला अवर ठरवून हा विषय निकालात काढला आहे.’

आमचे भांडण या दोघांशीही आहे. संयोजकांना शब्दाची लांबी म्हणजे विद्वत्ता वाटते. आमच्या सहकाऱ्यांना अक्षरांशी खेळणे म्हणजे पोरखेळ वाटतो. आम्हांला वाटते की दोघांनीही तो खेळ नीट पाहिलेला नाही.

आधी त्या पंचेचाळीस अक्षरी शब्दाचे कुळ पाहू. तो कोणा वैद्याने रोग्याच्या उशाशी बसून घडवलेला नाही. अमेरिकेतल्या कोडेप्रेमींच्या ‘नॅशनल पझलर्स लीग’ या संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तो 1935 मध्ये, लांबीचा विक्रम व्हावा म्हणूनच, रचला. वैद्यकीय परिभाषेची ती नक्कल होती. वृत्तपत्राने छापला, कोशांनी घेतला, आणि गंमत म्हणून जन्मलेला शब्द आमच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत गांभीर्याने येऊन बसला. ज्या रोगाचे हे अलंकारिक नाव, त्याचे खरे नाव सिलिकोसिस. इंग्रजीत अवघी नऊ अक्षरे. तो व्हायला ज्वालामुखी लागत नाही. दगडाच्या खाणीतली, खंभातच्या अकीक घासणाऱ्यांच्या घरातली धूळ पुरते. मंदसौरच्या पाटीवरच्या पेन्सिली बनवणाऱ्या कारखान्यांतले कित्येक कामगार याच धुळीने गेले. आपल्या पिढीने ज्या पेन्सिलीने ‘अ’ गिरवला आणि मागाहून ‘ए’ गिरवला, तीच ही पेन्सिल. त्या सभागृहात नऊ अक्षरांचा हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता, याचा आम्हांला राग आहे आणि तो आम्ही लपवू इच्छित नाही.

लांब शब्दांची थट्टा शेक्सपिअरनेही केली आहे. ‘लव्हज लेबर्स लॉस्ट’च्या पाचव्या अंकात सत्तावीस अक्षरांचा एक लॅटिन शब्द येतो, ‘ऑनोरिफिकॅबिलिट्यूडिनिटॅटिबस’. तो आहे कॉस्टर्ड या विदूषकाच्या तोंडी, आणि रोख आहे पोथीपंडितांवर. पण पोथीपंडितांना थट्टा कळत नाही. 1910 मध्ये एडविन डर्निंग-लॉरेन्स यांनी त्याच सत्तावीस अक्षरांची उलटापालट करून, ही नाटके बेकनची आहेत असे सांगणारे लॅटिन वाक्य बनवले आणि ते पुरावा म्हणून मांडले. गंमत अशी की त्या शब्दाचा खरा विशेष वेगळाच आहे. त्यात आरंभापासून अखेरपर्यंत एक व्यंजन, एक स्वर अशी अक्षरे आलटून पालटून येतात, कुठेही खंड नाही. हे ज्याला दिसले त्याने शब्द पाहिला. बेकन ज्याला दिसला त्याने केवळ स्वतःचा हट्ट पाहिला.

इथेच आमचा मुद्दा आहे. लांबी म्हणजे काहीच नव्हे. अट घातली की शब्द बोलू लागतो. एकही अक्षर पुन्हा न येणारा लांबात लांब इंग्रजी शब्द शोधा, अशी अट घाला. मग पंधरा अक्षरांचे दोन शब्द हाती येतात. पहिला ‘डर्मॅटोग्लिफिक्स’, म्हणजे बोटांच्या आणि तळव्यांच्या त्वचेवरील रेषांचे शास्त्र. त्याचे नाव 1926 मध्ये ग्रीक शब्दांचे तुकडे जोडून घडवलेले. दुसरा ‘अनकॉपिराइटेबल’. त्यातला ‘अन’ आणि ‘राइट’ अस्सल इंग्रजी, ‘कॉपी’ आणि ‘एबल’ लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेले. चार तुकड्यांत त्या भाषेचा हजार वर्षांचा संकर उभा आहे. पाचही स्वराक्षरे क्रमाने येणारे शब्द शोधा: ‘फसीशस’, ‘अ‍ॅब्स्टीमिअस’, दोन्ही लॅटिन कुळातले. उलट नऊ अक्षरांत एकच स्वर असलेला शब्द शोधा, तर ‘स्ट्रेंग्थ्स’ मिळतो आणि आपण जुन्या इंग्रजीच्या खडकावर आदळतो. ‘क्यू’ आहे पण त्यामागे ‘यू’ नाही असे शब्द शोधायला सांगितले तेव्हा आमच्या वर्गाने थोड्या वेळात ‘कव्वाली’, ‘बुरखा’, ‘तलाक’ हे शब्द इंग्रजी कोशातून काढले. अरबी-फारसीतले एक अक्षर इंग्रजी लिपीत कसे उतरवले गेले, याचा पाठ त्या तासाला कोणी न शिकवता झाला. व्युत्पत्तीच्या आमच्या कोणत्याही व्याख्यानाला असा प्रतिसाद मिळालेला नाही, हे कबूल करतो.

संगणकावर अक्षरे टाकली की यादी क्षणात मिळते, मग यात कर्तृत्व ते काय, असा आक्षेप येईल. डमित्री बोर्गमन यांचे ‘लँग्वेज ऑन व्हेकेशन’ 1965 मध्ये आले. त्यांच्याच संपादनाखाली 1968 मध्ये सुरू झालेले ‘वर्ड वेज’ हे त्रैमासिक 2020 पर्यंत याच एका विषयाला वाहिलेले होते. आरंभीची ही मंडळी कोशांची पाने उलटत शोधत. आज पाने उलटायची गरज नाही, हे खरे. पण कोणती अट घालावी हे यंत्राला सुचवावे लागते, आणि यादीचे काय करायचे हेही.

आता मम्मट. आमच्या सहकाऱ्यांचे ‘हे सगळे आपल्याकडे होतेच’ हे विधान अर्धे खरे आहे. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त मंत्रगुप्ताचा ओठ प्रियेने चावलेला असल्याने तो आपली हकीकत एकही ओष्ठ्य वर्ण न उच्चारता सांगतो. मोरोपंतांनी निरोष्ठ रामायण लिहिले. ओष्ठ्य वर्ण वर्ज्य म्हटल्यावर ‘म’ गेला, म्हणजे नायकाचे ‘राम’ हे नावच गेले! पण ही अट मुखाची आहे, उच्चारस्थानाची आहे. इंग्रजीतली अट डोळ्यांची आहे, कागदावरच्या खुणेची आहे. आम्ही वर ‘स्ट्रेंग्थ्स’ देवनागरीत लिहिले तेव्हाच त्यातली नऊ अक्षरे नाहीशी झाली. वाचकाला आमच्यावर विश्वास ठेवावा लागला. हा भेद पुसून ‘आपल्याकडे होतेच’ म्हणणारा आपली परंपराही जाणत नाही आणि परकीही.

राहिला दर्जाचा प्रश्न. इंग्रजी मजकुरात साधारण आठ अक्षरांतले एक ‘ई’ असते. अर्नेस्ट व्हिन्सेंट राइट यांनी टंकयंत्रावरची ‘ई’ची पट्टी बांधून ठेवली आणि तिच्याविना पन्नास हजारांवर शब्दांची ‘गॅड्सबी’ ही कादंबरी लिहिली, ती 1939 मध्ये निघाली. भूतकाळी क्रियापदांच्या ‘ईडी’ या प्रत्ययाने आपल्याला फार छळले, असे त्यांनीच प्रस्तावनेत नोंदवले आहे. ही कसरत आहे, मान्य. मम्मटाने तिला अवर म्हटले असते तर आम्ही वाद घातला नसता. पण 1969 मध्ये जॉर्ज पेरेक यांनी हीच अट फ्रेंचमध्ये पाळून ‘ला दिस्पारिस्यों’ लिहिली, तिचे काय? शीर्षकाचा अर्थच नाहीसे होणे. पेरेक यांचे वडील 1940 मध्ये युद्धात मारले गेले. आईला 1943 मध्ये ऑशविट्झला नेले, ती परतली नाही. ‘ई’ वगळले की फ्रेंचमध्ये आई, वडील आणि कुटुंब हे तिन्ही शब्द लिहिता येत नाहीत. लेखकाला स्वतःचे नावही लिहिता येत नाही. त्यात ते अक्षर चारदा येते. तीनशेच्या आसपास पानांत जे कुठेच उच्चारलेले नाही, तेच प्रत्येक पानावर सूचित होत राहते. याला व्यंग्यार्थ म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे? मम्मटाने चित्रकाव्याला अवर ठरवले ते व्यंग्याच्या अभावामुळे. अक्षरांशी खेळले म्हणून नव्हे. त्याच कसोटीवर पेरेक कुठे बसतात, हे आमच्या सहकाऱ्यांनी सांगावे. आम्ही त्यांना पुस्तक दिले आहे, इंग्रजीत गिल्बर्ट अडेर यांनी 1994 मध्ये ‘ई’शिवायच केलेल्या अनुवादाचे. ते अद्याप परत आलेले नाही. म्हणजे वाचत असावेत.

त्या प्रश्नमंजूषेच्या संयोजकांना आम्ही पुढच्या वर्षासाठी एक प्रश्न लिहून पाठवला आहे: पाटीवरच्या पेन्सिलीच्या धुळीने होणाऱ्या रोगाचे नऊ अक्षरी इंग्रजी नाव कोणते, आणि त्यात कोणती अक्षरे सर्वाधिक वेळा येतात? अर्थाला पाच गुण ठेवावेत, असेही सुचवले आहे. उत्तर आलेले नाही.