यंत्राची निगा : इंजिनाने हवा धरली तर…



ऐन नांगरटीत ट्रॅक्टर गचके देऊ लागतो, ओझ्याला आला की दम सोडतो आणि बंद पडतो. पंप खोलावा लागेल, असे कोणी तरी सांगतो. पैसे जातात ते जातातच, पण वापसाही हातचा जातो. म्हणून पंपाला पाना लावण्याआधी एक गोष्ट पाहा : इंजिनाने हवा तर धरली नाही ना?

डिझेल दाबून दबत नाही, हवा दबते. जुन्या पद्धतीच्या इंजिनात नोझल उघडायला वातावरणाच्या साधारण २०० पट दाब लागतो. नळीत बुडबुडा असला की पंपाचा सारा जोर तो दाबण्यातच जातो आणि नोझल उघडतच नाही.

हवा काढणे अवघड नाही. टाकी भरा. फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल करा आणि घरातल्या एकाला हातपंप मारायला सांगा. आधी फेस येईल, मग डिझेलची अखंड धार. धार येत असतानाच स्क्रू आवळा. पहिला फिल्टर, मग दुसरा, मग मोठा पंप, हा क्रम सोडू नका.

टाकी रिकामी झाल्याने किंवा फिल्टर बदलताना शिरलेली हवा एवढ्याने जाते. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झाले, तर हवा कुठून तरी रोज आत येते आहे.

खरी मेख इथेच आहे. आपण डिझेल कुठे ठिबकते ते शोधतो. पण मुले पपईच्या देठाची नळी करून पाणी ओढतात, ते आठवा. नळीला चीर असली तर तोंडात हवा येते, चिरेतून पाणी मात्र सांडत नाही. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी अशीच ओढीची असते. तिथली फट बाहेरून कोरडी दिसते.

ती ओळखायची एक सोपी रीत आहे. फीड पंपाला आखूड नवी नळी जोडा आणि तिचे टोक स्वच्छ डिझेलच्या डब्यात बुडवा. हवा काढून अर्धा तास इंजिन चालवा. नीट चालले, तर दोष टाकी ते पंप या वाटेतच आहे. मग चिरलेली रबरी नळी, सैल क्लिप, दबलेला तांब्याचा वायसर बदला. चिरेवर सायकलची ट्यूब गुंडाळू नका. डिझेलने ते रबर फुगते. डब्यावरही हवा येत राहिली, तर फीड पंप आणि फिल्टरचे वायसर पाहा. टाकीचे झाकण उघडताना फुस्स आवाज आला, तर झाकणाचे भोक बुजले आहे, ते साफ करा.

करंजाच्या किंवा तळणीच्या उरलेल्या तेलावर गाडी चालवणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो. कल्पना जुनीच आहे. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालले होते. पण असे तेल डिझेलपेक्षा सुमारे दहापट दाट असते. ते ओढायला जोर लागतो आणि डिझेलवर न जाणवलेली फट लगेच हवा घेते. म्हणून जाणकार इंजिन डिझेलवर सुरू करतात, तापल्यावर गाळलेल्या गरम तेलावर घेतात आणि बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर आणतात.

एक ताकीद. चालू इंजिनाच्या नोझलपुढे हात धरू नका. तो फवारा कातडीत घुसतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच मोठा दवाखाना गाठा. नव्या कॉमन रेल इंजिनात दाब कितीतरी जास्त असतो. त्याच्या नोझलच्या नळ्या घरी सोडूच नका.

नाही तर व्हायचे काय, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! दोष दोन रुपयांच्या वायसरात, आणि खोलला जातो पंप. आधी ओढीची नळी पाहा, मग मिस्त्रीला निरोप धाडा.