जोडी फुटू देऊ नका

प्रिय ख्रिस्ती कुटुंबीयहो,

आपल्या गावांतील कित्येक तरुण हल्ली इंटरनेटची केबल टाकण्याचा व्यवसाय करू लागले आहेत. उद्योग मानाचा आहे. त्यातील एक मर्म मात्र त्यांनी व घरधन्यांनीही ध्यानी धरावे.

इथरनेट केबलचे आवरण सोलले असता आत आठ तारा दिसतात. नारिंगी, हिरवी, निळी व तपकिरी अशा त्यांच्या चार जोड्या. प्रत्येक जोडीस पीळ असतो. बाहेरील विजेचा उपद्रव जोडीतील दोन्ही तारांस सारखाच पोहोचतो, संदेश मात्र दोहोंवर परस्परविरुद्ध असतो. म्हणून पलीकडे उपद्रव वजा होऊन संदेश तेवढा उरतो. टेलिफोनच्या तारांसाठी ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ साली योजिली.

'कॅट ५ई' केबल १०० मीटरपर्यंत सेकंदास १ गिगाबिट वेग देते. 'कॅट ६' सुमारे ५५ मीटरपर्यंत व 'कॅट ६ए' १०० मीटरपर्यंत १० गिगाबिट देते. घरास पहिल्या दोहोंपैकी कोणतीही पुरे. तार मात्र निव्वळ तांब्याची घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार स्वस्त, पण ठिसूळ असते. पात्याने खरवडताच आतील पांढरा धातू दिसतो.

जोडणीचा 'टी-५६८-बी' क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांस हाच क्रम हवा. पीळही टोकाशी अर्ध्या इंचाहून अधिक उलगडू नये.

येथे हिरवी जोडी तिसऱ्या व सहाव्या स्थानी येते, कारण यंत्र त्याच दोन स्थानांवर एक संदेश पाठविते. एखादा वायरमन सोयीसाठी जोड्या ओळीने बसवितो. टेस्टरचे आठही दिवे लागतात, मजुरी चुकती होते. परंतु तिसरी तार एका जोडीची व सहावी दुसरीची झाल्याने पिळाचा उपयोग सरतो. मग वेग मंदावतो, जोडणी तुटते, आणि मुलाचा परीक्षेचा अर्ज मुदतीच्या दिवशी अडकून पडतो. दोष कोठे आहे हे घरधन्यास कळत नाही.

तरुणांनो, भिंतीआड गेलेले काम गिऱ्हाईक पाहू शकत नाही. तुमच्या विश्वासावर तो दाम मोजतो. दिवे लागले एवढ्यावर समाधान मानू नका. जोडी अखंड आहे ना, हे रंग पाहून पडताळा, मगच मजुरी घ्या. नाझरेथच्या सुताराच्या घरी प्रभूने हाताने काम केले. आपले कामही त्याच्या दृष्टीस पडण्याजोगे असो.

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू