एकही मॅच हरले नाहीत, तरी घरी बसा!

संडे नाइट, रात्रीचे साडेदहा. मंडेचं टेन्शन ऑलरेडी सुरू झालेलं, आणि अशात अटलांटाहून मावसभावाचा व्हिडिओ कॉल. तारीख ३ डिसेंबर २०२३. स्क्रीनवर आधी दिसतो त्यांचा टीव्ही, मागून ऐकू येतो वहिनीचा जल्लोष आणि मग दादाचा चेहरा. मेरिट लिस्टमध्ये नाव न सापडलेल्या पोरासारखा!

त्याचं काय आहे, दादाने एमएस केलं फ्लोरिडा स्टेटमधून आणि वहिनीने अलाबामातून. एरवी गुण्यागोविंदाने नांदणारं हे जोडपं कॉलेज फुटबॉलच्या सीझनमध्ये मात्र एकमेकांशी फक्त स्कोअरबोर्डच्या भाषेत बोलतं. (हे फुटबॉल म्हणजे हेल्मेटवालं, आपलं मेस्सीवालं नव्हे.)

प्रॉब्लेम असा की या खेळात टॉप लेव्हलला सव्वाशेहून जास्त टीम्स आणि प्रत्येकीच्या रेग्युलर मॅचेस जेमतेम बारा. सगळे सगळ्यांशी खेळणार कसे? म्हणून तेरा जणांची कमिटी बसते आणि प्लेऑफमध्ये कोण जाणार ते ठरवते. तेव्हा जागा होत्या फक्त चार. मिशिगन आणि वॉशिंग्टन एकही मॅच हरले नव्हते, त्यांचं नक्की. तिसरं टेक्सास. आणि चौथं? फ्लोरिडा स्टेट, तेरापैकी तेरा जिंकलेली? की बारा जिंकून एक हरलेली अलाबामा?

अलाबामा!! मोठ्या पाच कॉन्फरन्सपैकी एकीची चॅम्पियन, तीही अपराजित, आणि तरी प्लेऑफच्या बाहेर, असं तोवर कधीच झालं नव्हतं.

‘अगं, आमची कॉन्फरन्स एसईसी आहे!’ वहिनीचा पॉइंट. एसईसी म्हणजे दक्षिणेतली दादा कॉन्फरन्स. तिथे प्रत्येक आठवड्याला पैलवानाशी गाठ. शिवाय आदल्याच दिवशी अलाबामाने सलग २९ मॅच जिंकत आलेल्या जॉर्जियाला २७-२४ने लोळवलं होतं. तुमची एसीसी काय, लिंबूटिंबू!

इथे दादा उसळला, आणि खरं सांगू, मला त्याचंच पटलं. फ्लोरिडा स्टेट त्या सीझनला एसईसीच्या दोन टीम्सशी खेळली. एलएसयूला ४५-२४ने हरवलं, फ्लोरिडाला २४-१५ने. मग अजून काय करायचं होतं त्यांनी? अलाबामा मात्र टेक्सासकडून घरच्या मैदानावर हरली होती. ऑबर्नविरुद्ध तर शेवटच्या ३२ सेकंदांत, चौथ्या डाउनवर, ३१ यार्डांवरून टचडाउन काढून वाचली.

कॉन्फरन्सच्या ताकदीचं लॉजिक मला सॉलिड गंमतशीर वाटतं. आमची कॉन्फरन्स तगडी. का? कारण आमच्या टीम्स रँकिंगमध्ये वर. त्या वर का? कारण त्या तगड्या कॉन्फरन्समध्ये खेळतात. बसा फिरत! आपल्या अप्रेझलमध्ये वेगळं काय असतं? छोट्या अकाउंटवर वर्षभर एकही डेडलाइन न चुकवणारी एक, बड्या क्लायंटच्या प्रोजेक्टवर एकदा आपटलेला दुसरा. बोला, प्रमोशन कुणाला?

कमिटीकडे अजून एक कारण होतं. फ्लोरिडा स्टेटचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस. नोव्हेंबरमध्ये त्याचा पाय मोडला. महत्त्वाचा खेळाडू नसेल तर ते विचारात घ्यायचं, असं कमिटीच्या नियमातच आहे. त्याच्याशिवाय टीम दोन मॅच जिंकली, कॉन्फरन्स फायनलसुद्धा, तरी उपयोग झाला नाही. निकालानंतर ट्रॅव्हिसने लिहिलं की पाय सीझनमध्ये आधीच मोडला असता तर बरं झालं असतं, टीम एकट्या क्वार्टरबॅकवर चालत नाही हे तरी दिसलं असतं. स्वतःच्या मोडक्या पायाबद्दल अपराधी वाटणारा पोरगा... इथे मात्र वहिनीही गप्प झाली.

पण फार वेळ नाही हं! पुढे ऑरेंज बोलमध्ये जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटला ६३-३ने धुतलं. वहिनी ते अजून ऐकवते. दादाचं ठरलेलं उत्तर: वीसहून जास्त खेळाडू उतरलेच नव्हते! आणि अलाबामाही प्लेऑफच्या पहिल्याच मॅचला मिशिगनकडून हरली, हे तो हळूच जोडतो.

२०२४पासून जागा बारा झाल्या. वाटलं, चला, भांडण मिटलं. कसलं काय! २०२५च्या सीझनला मायामी आणि नोटर डेम, दोघांचा रेकॉर्ड १०-२. समोरासमोरची मॅच मायामीने जिंकलेली, तरी रँकिंगमध्ये वर नोटर डेम. शेवटच्या वीकेंडला दोघंही खेळले नाहीत, आणि अचानक मायामी वर, नोटर डेम बाहेर! मग ‘लिंबूटिंबू’ एसीसीच्या या मायामीने टेक्सास ए अँड एम आणि ओल मिस अशा एसईसीच्या दोन टीम्सना घरी पाठवलं आणि थेट फायनल गाठली. जानेवारी २०२६मध्ये इंडियानाकडून २७-२१ने हरली, पण खेळली काय!

मी खुशीत दादाला फोन लावला. म्हटलं, बघ, तुझ्या कॉन्फरन्सने दाखवून दिलं की नाही?

‘मायामी?’ दादा खेकसला. ‘अगं, ते आमचे जानी दुश्मन आहेत!’

मागून वहिनी हसत होती.