काटा सांगत नाही ती चरबी

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचे एक छायाचित्र छापून आले. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, म्हणजे उंचीच्या मानाने वजन बेताचेच. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के भरली आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. संशोधकाने स्वतःचाच देह पुरावा म्हणून पुढे करावा, हे तसे दुर्मीळच.

चरबीला आपण सरसकट खलनायक ठरवले आहे. वास्तविक त्वचेखालची चरबी ही शरीराची कणगी. ती भरली, की उरलेले धान्य घरभर सांडू लागते. मेदाम्ले यकृतात आणि स्नायूंत साचली, की तिथल्या पेशी इन्शुलिनला दाद देईनाशा होतात. यकृत रक्तात ट्रायग्लिसराइड ओतत राहते आणि साखरही चढते. त्यामुळे एकूण चरबी किती, यापेक्षा ती कुठे साठली हे महत्त्वाचे. ‘जरा पोट सुटलंय’ म्हणून आपण हसण्यावारी नेतो, ती नेमकी चुकीच्या जागची चरबी असते.

याज्ञिकांचे मोठे काम मात्र त्या छायाचित्राच्या आधीचे. १९९३ पासून त्यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला. इथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे स्नायूंत कमी पडत होती, पोटाच्या घेरात कमी पडत होती. पण खांद्याच्या फऱ्याखालची चरबी बरीचशी शाबूत होती. दिसायला काटकुळे, आतून मेदाळ असे हे बाळ. मधुमेहाची पूर्वतयारी गर्भातच सुरू होत असावी, ही शंका त्यातून बळावली.

२००८ मध्ये याच मुलांबाबत आणखी एक गोष्ट पुढे आली. गरोदरपणी ज्या मातांच्या रक्तात फोलेट भरपूर पण बी-१२ जीवनसत्त्व कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनला होणारा विरोध सर्वाधिक आढळला. हे निरीक्षण आहे, कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. शिवाय बाळाच्या मज्जारज्जूच्या वाढीसाठी फोलिक ॲसिड, म्हणजे फोलेटचेच कृत्रिम रूप, लागतेच. ते बंद करा असा अर्थ कोणी काढू नये. पण सरकारी केंद्रांतून गरोदर स्त्रियांना मिळणाऱ्या गोळीत लोह आणि फोलिक ॲसिड असते, बी-१२ नसते. दूध बेताचे, मांसाहार क्वचित, अशा घरात ते येणार कुठून?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. त्यांना ‘तोंडावर ताबा ठेवा’ असे सांगणे सोपे. आईच्या कुपोषणाचा हिशेब मात्र त्या उपदेशात येत नाही. भारतीयांसाठी जादा वजनाची बॉडी मास इंडेक्सची मर्यादा २५ ऐवजी २३ धरली जाऊ लागली, हे ठीक झाले. पण २२.३ वाला त्यातूनही सुटतोच. आरोग्य केंद्रात वजनकाट्यासोबत कंबर मोजायला एक टेप लागते. पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषाही ठरलेली आहे. आरोग्य खात्याने निदान तेवढे मोजमाप उद्यापासून सुरू करायला हरकत नसावी. गोळीत बी-१२ घालण्याचा निर्णय चाचण्यांच्या निष्कर्षांवर सोडता येईल.