पोराच्या हातातली किल्ली

ईदच्या संध्याकाळी आमच्या मोहल्ल्यात पंधरा-सोळा वर्षांची पोरं एकाच मोटारसायकलवर तिघं बसून सुसाट जातात. घरच्यांना कौतुक वाटतं. पोलिसांनी धरलंच तर पावती फाडून सुटू, असा समज आहे. तो चुकीचा आहे.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९९ अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालकही दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. ‘मला माहीत नव्हतं’ हे सिद्धही पालकानेच करायचं. सोळाव्या वर्षी मुभा आहे ती फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीची, तीही लायसन्स काढून.

त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. रिक्षा, टेम्पो, डिलिव्हरीवर चालणाऱ्या आपल्या घरांत ही कमाईची सात वर्षं आहेत.

पुण्यात २०२४ मध्ये कल्याणीनगरच्या अपघातात दोघांचा जीव गेला आणि अल्पवयीन आरोपीला जामिनासाठी निबंध लिहायला सांगितला, तेव्हा आपण सगळे संतापलो. तो संताप खरा असेल, तर आधी आपल्या पोराच्या हातातली किल्ली काढून घेऊ या.